कारणाचा रकाना

"माझ्यावर संशोधन? मी काय उंदीर आहे?"

"तुमच्यावर कोण करतंय! पन्नाशी उलटलेल्या पुरुषांवर करतेय मी."

"या घरात पन्नाशी उलटलेले पुरुष किती आहेत?"

"शहरात हजारो आहेत."

"आणि त्यातल्या किती जणांच्या बायका कान तपासतात?"

"ओरडू नका."

"मी ओरडतोय? सकाळपासून कोण ओरडतंय या घरात?"

"मी ओरडले नाही तर तुम्हाला ऐकू येत नाही, ओरडले तर राग येतो. करू तरी काय? पाटीवर लिहून दाखवू?"

काकांनी टेबलावरचा अर्ज उचलला, हात लांब करून डोळ्यांसमोर धरला आणि एकेक शब्द ठोकून ठोकून वाचला. "'पन्नाशीनंतरचे पुरुष श्रवणयंत्र वापरायचं का टाळतात?' टाळतात! म्हणजे खटला चालायच्या आधीच आरोपी आत. आणि वर मला विचारते, तुमच्यावर कोण करतंय."

खालच्या वहिनींनी गॅलरीतून मान वर करून विचारलं, "सगळं ठीक ना हो?"

मावशी गॅलरीत गेली आणि अगदी गोड आवाजात म्हणाली, "हो हो, अभ्यास चाललाय."

हा रविवार. पदवीच्या संशोधनाचा हा अर्ज द्यायचा होता शुक्रवारी दुपारी बारापर्यंत. मावशीचे दोन प्रश्न आधीच परत आले होते. काकांनी वाचला तो दुसरा; तोच शब्दांची जागा बदलून ती पुन्हा पाठवायच्या विचारात होती. तिसऱ्यांदा परत आला की वर्ष गेलं. मी त्यांच्याकडे दोन वर्षं राहतेय, माझं ऑफिस तिथून जवळ आहे म्हणून. त्या आठवड्यात मात्र मला ऑफिसच बरं वाटत होतं.

मावशी कान तपासते. मोठ्या सरकारी इस्पितळाच्या तळमजल्यावर, एक्स-रेची रांग संपते तिथे उजवीकडे तिच्या दोन खोल्या आहेत. बाहेरच्या खोलीत टेबल, आतल्या खोलीत केबिन. केबिन म्हणजे कपाटाहून थोडी मोठी पेटी, आतून राखाडी स्पंजने मढवलेली, एक काच, एक खुर्ची. पेशंट आत बसतो, कानांवर हेडफोन, हातात बटण. मावशी बाहेरून बीप पाठवते. बारीक, मग त्याहून बारीक. ऐकू आला की बटण दाबायचं. ती कागदावर उजव्या कानाचे लाल गोल आणि डाव्या कानाच्या निळ्या फुल्या मांडत जाते. तेवीस वर्षं हेच. इस्पितळात तिला बीपबाई म्हणतात, तोंडावरसुद्धा, आणि तिला ते आवडतं.

त्याआधी ती नोंदणीच्या खिडकीत होती. नंबर पुकारायची. तीनदा पुकारूनही जे उठत नसत त्यांच्यावर सगळे खेकसायचे, झोपा काढायला येता का इथे. मावशीच्या लक्षात आलं की रोज न उठणारी माणसं झोपलेली नसतात, चांगली टक्क जागी असतात. मग ती खिडकी सोडून बाहेर यायची आणि खांद्याला हात लावून सांगायची, आजोबा, तुमचा नंबर. खिडकी सोडली म्हणून तिला दोनदा मेमो मिळाला. तिसऱ्या वेळी कानाच्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी मेमो देणाऱ्याला बाजूला केलं आणि हिला कान तपासायच्या कोर्सला पाठवलं. हे ती सांगते तेव्हा दोन्ही मेमो चाळीस वर्षांपूर्वीची पदकं असल्यासारखी सांगते; प्रत्यक्षात पंचवीस-सव्वीस वर्षंच झालीत.

काका छापखान्यात मशीनवर होते. मशीन बिघडायच्या आधी त्यांना आवाजातला फरक कळायचा, मालक त्यांना विचारल्याशिवाय मेकॅनिक बोलवायचा नाही. त्याच मशीनने तीस वर्षांत त्यांचे कान खाल्ले. सहा वर्षांपूर्वी मावशीनेच त्यांना केबिनमध्ये बसवलं, आलेख काढला. बारीक, टोकदार आवाज गेले होते. आवाज येतो, शब्द सुटतात. मशीन आलं, कानाचं. काकांनी ते नऊ दिवस लावलं. दहाव्या दिवशी ते कपाटाच्या खणात गेलं, जुन्या चष्म्यांशेजारी, आणि तिथेच राहिलं.

आता अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मावशीने पदवीला नाव घातलं होतं. विभागात वरची जागा निघणार होती आणि तिला पदवी लागणार होती, हे एक कारण. दुसरं तिने मला भांडी पुसताना सांगितलं. "सगळे डॉक्टर माझ्या आलेखांवर पेपर लिहितात गं. माझं नाव शेवटी आभारात. तेही एकदाच. आणि तेही चुकलेलं."

सोमवारी मी अर्धी रजा टाकून तिच्याबरोबर गाईड सरांकडे गेले. "तू लिहून घे," ती म्हणाली होती, "तो बोलायला लागला की मला सगळं पटतं, आणि बाहेर आलं की काहीच आठवत नाही."

गाईड सर तिच्याहून सोळा वर्षांनी लहान. खोलीत पुस्तकं कमी, खोकी जास्त. बोलता बोलता ते एखाद्या शब्दापाशी थांबायचे, आतून कुणी दार उघडायची वाट पाहावी तसे, आणि दार उघडलं की पुढे.

"मॅडम, प्रश्न छान आहे."

मावशीने माझ्याकडे बघितलं. बघ, म्हणाले होते ना, अशी.

"फक्त हा प्रश्न नाहीये."

"शेवटी प्रश्नचिन्ह आहे की."

"ते आहे." सर हसले नाहीत. "पुरुषच का?"

"कारण पुरुषच टाळतात."

"कशावरून?"

"तेवीस वर्षं बघतेय मी."

"सगळे पुरुष बघताय की…" ते थांबले. दार उघडलं. "की एक?"

मावशीने पर्स मांडीवरून उचलून शेजारच्या खुर्चीवर ठेवली, मग परत मांडीवर घेतली.

"तुमचा पहिला प्रश्न होता, टीव्हीचा मोठा आवाज आणि शेजाऱ्यांशी संबंध. तेव्हाही मी विचारलं होतं, शेजाऱ्यांशी काही झालंय का."

"झालेलं नाही. खालच्या वहिनी फार समजूतदार आहेत."

"आणि हा शेवटचा रकाना. 'हा प्रश्न का निवडला?' तुम्ही लिहिलंय, समाजहितासाठी."

"मग काय लिहू? नवरा ऐकत नाही म्हणून?"

"लिहा की."

"अर्जात?"

"मी लिहिलं होतं माझ्या. मी बोलताना अडखळतो, आणि विषय घेतला तोच. मला सिद्ध करायचं होतं की शिक्षक ओरडतात म्हणून मुलं अडखळतात. माझ्या एका शिक्षकांवर माझा राग होता."

"मग? झालं सिद्ध?"

"नाही. दोन वर्षं मी फक्त ओरडणाऱ्या शिक्षकांच्या वर्गात जाऊन बसलो. परीक्षकांनी विचारलं, जे ओरडत नाहीत त्यांच्या वर्गात किती मुलं अडखळतात? मला माहीत नव्हतं. तिकडे मी गेलोच नव्हतो."

"अरे देवा. मग?"

"मग आणखी दोन वर्षं."

मावशी थोडी पुढे सरकली. "म्हणजे घरातला प्रश्न घ्यायचा नाही."

"घ्यायचा. नाहीतर दोन वर्षं त्याच्यामागे लागायला माणसाला दम कुठून येणार?"

"मग मी घेतलाच आहे की!"

"हो."

"मग परत का करताय?"

सरांनी डोळे चोळले. "तुमच्याकडे नोंदी असतील. आधी मोजून या, पुरुष खरंच जास्त टाळतात का. बायकाही मोजा."

बाहेर जिन्यात मावशी थांबली. "लिहून घेतलंस ना? काय म्हणाला तो?"

"घरचा प्रश्न घे म्हणाले, आणि घेतलास म्हणून परतही केला."

"तेच," ती म्हणाली. "मला वाटलं, मलाच कळलं नाही."

बुधवारी दुपारी ओपीडी संपल्यावर आम्ही दोघी रजिस्टरं घेऊन बसलो. मशीन दिल्यावर सहा महिन्यांनी पेशंट परत दाखवायला येतो, त्याची ही नोंद. क्रमांक, स्त्री की पुरुष, वय, कोणता कान, मशीन वापरतो की नाही, आणि शेवटी एक अरुंद रकाना: कारण. पाच वर्षांची तीन रजिस्टरं. मी वाचत होते, मावशी कागदावर उभ्या रेघा ओढत होती. चार झाल्या की पाचवी आडवी.

पाऊण तासात पुरुष आणि बायका वेगळे झाले. एकशे अठरा पुरुष, त्यातल्या सत्तेचाळिसांनी मशीन बाजूला ठेवलेलं. शहाण्णव बायका, त्यातल्या एकोणचाळिसांनी.

मी मोबाइलवर भागाकार केला. "इकडे शंभरात चाळीस. तिकडेही चाळीस."

"चुकलं असेल. परत कर."

परत केला. चाळीस.

"बायकांचं वेगळं असतं," मावशी म्हणाली. "त्यांना कारणं असतात."

"काय असतात?"

"वाच ना. लिहिलंय तिथे."

मी शेवटचा रकाना वाचायला लागले. "स्त्री, एकसष्ट, घरकामात वेळ मिळत नाही. स्त्री, पंचावन्न, सुनेने नीट शिकवलं नाही. स्त्री, अडुसष्ट, नातू ओढतो. पुरुष, सत्तावन्न, टाळाटाळ. पुरुष, त्रेसष्ट, हट्टी. पुरुष, एकसष्ट, टाळाटाळ. पुरुष, साठ, अहंकार…"

"बघ."

"मावशी, अहंकार असं तो म्हणाला?"

"असं कोण म्हणेल स्वतःहून!"

"मग तू कसं लिहिलंस?"

"चेहऱ्यावरून कळतं गं. इतकी वर्षं झाली."

"आणि नातू ओढतो, हे?"

"ते…" मावशीने रजिस्टर स्वतःकडे फिरवलं. बोटाने ओळ धरली. "ती बाई नातवाला घेऊन आली होती. मला आठवतंय. द्वाड पोरगं."

"नातू मशीन ओढतो असं ती म्हणाली?"

बराच वेळ बोट त्या ओळीवर होतं. "गर्दी असते," ती म्हणाली. "माणशी चार मिनिटं मिळतात. रकाना रिकामा सोडला तर वरून शेरा येतो. आम्ही सगळेच भरतो असा. माझ्याआधीच्या बाईही भरायच्या."

मग ती पानं मागे उलटायला लागली. सहा वर्षांपूर्वीचं जुनं रजिस्टर कपाटातून काढलं, ते आमच्या मोजणीत नव्हतंच. कुठलं पान ते तिला पाठ होतं. पुरुष, छप्पन्न, दोन्ही कान, वापरत नाही. कारण: टाळाटाळ. तिचंच अक्षर, घाईतलं, ळ अर्धवट सोडलेला.

"हे काका?"

तिने रजिस्टर मिटलं. एकदम म्हणाली, "चल, तुझे कान तपासू," आणि मला केबिनमध्ये कोंबलं.

आत इतकी शांतता की स्वतःचं गिळणं ऐकू येतं. बीप आला, मी बटण दाबलं. बीप, बटण. बीप, बटण. मग बारीक झाले, अगदी बारीक, पण मी एकही सोडला नाही. काचेतून मावशीचं डोकं दिसत होतं, खाली वाकलेलं. बाहेर आले तेव्हा मी खूश होते.

"चौदा वेळा दाबलंस," ती म्हणाली. "मी नऊच दिले."

"शक्यच नाही. मी ऐकले!"

"ऐकले नाहीस, मोजलेस. मुद्दाम सारख्या अंतराने देत गेले. एकदा ताल धरला की माणूस ऐकायचं सोडतो आणि पुढचा यायची वाट बघत दाबत बसतो. खरंच ऐकू आला असं त्याला वाटतं. खोटं बोलत नाही तो." ती हेडफोन पुसत होती. "शिकाऊ मुलींना हे मी पहिल्या दिवशी सांगते. अंतर बदलत राहायचं. नाहीतर येतो तो आलेख आपला असतो, त्याचा नसतो."

हे बोलून ती थांबली आणि हातातल्या हेडफोनकडे असं बघायला लागली की तो कुणी तिथे आणून ठेवला तेच तिला आठवेना.

गुरुवारी संध्याकाळी तिने सरांना फोन लावला, स्पीकरवर. काका बाहेर गेले होते.

"सर, मी प्रश्न बदलते. कानातला मळ घेते."

"मळ?"

"मळाबद्दल माझं काहीही मत नाही. घरात कुणाला मळाचा त्रास नाही. शेजारीही नाही. एकदम स्वच्छ."

पलीकडून बराच वेळ काही आलं नाही. ते अडखळले होते की हसत होते, कळेना. "मॅडम, दोन वर्षं मळ करणार तुम्ही?"

"नाही," मावशी रडवेल्या आवाजात म्हणाली.

"मग असं करा. एका कागदावर लिहा, तुम्हाला काय सापडायला हवंय. खरं. मला दाखवू नका."

"ते लिहून काय होतं?"

"माहीत नाही. मला थोडा उपयोग झाला. म्हणजे… तो राग गेला नाही. पण कुठे कुठे येऊन बसतो ते दिसायला लागलं."

"आणि मग प्रश्न कोणता घ्यायचा?"

"तो तुमचा. बारापर्यंत."

फोन ठेवून ती जेवणाच्या टेबलाशी बसली. एका जुन्या आलेखाच्या मागे काहीतरी लिहिलं, खोडलं, लिहिलं. मग उठून गॅसकडे गेली तेव्हा कागद तसाच उताणा होता. मी वाचला. वाचू नये हे मला कळत होतं. वर खोडलेलं होतं: पुरुष हट्टी असतात. त्याखाली खोडलेलं: मशीनच वाईट आहे. आणि न खोडलेलं एवढंच: यात माझी काही चूक नाही.

शुक्रवारी सकाळी काका टेबलावर मिक्सर उघडून बसले होते, हातात स्क्रू-ड्रायव्हर, स्क्रू बशीत. मावशी साडी नेसून, पर्स खांद्याला लावून तयार होती. अर्ज हातात. प्रश्नाची जागा कोरी, खालचा 'का निवडला' कोरा. ती काकांसमोरची खुर्ची ओढून बसली आणि खिडकीकडे तोंड केलं, म्हणजे चेहऱ्यावर उजेड येतो, ओठ दिसतात. पेशंटसमोर ती असंच बसते.

"अहो. तुम्ही मशीन का लावत नाही? कुठलंही उत्तर चालेल."

काकांनी मिक्सरमधून मान वर केली. "हे अर्जासाठी?"

"नाही. हो. म्हणजे, अर्ज द्यायचाय बाराला. पण नाही."

"मग कशासाठी?"

"मला माहीत नाही, म्हणून."

काका विचार करायला लागले. खरोखरच करायला लागले. त्यांचं तोंड उघडलं, मिटलं, हातातला स्क्रू त्यांनी बशीत ठेवला. मावशी थांबली. मला वाटतं, सात-आठ सेकंद थांबली असेल. मग तिला राहवेना.

"लाज वाटते का? तसं असेल तर सांगा. आवाज टोचतात? भांडी पडल्यावर? का कानात खाज येते? छापखान्यातले मित्र हसले? मी आणलं म्हणून?"

शेवटचं तिच्या तोंडून आधी निघालं आणि मग तिला कळलं, असं दिसलं.

काकांचं तोंड मिटलं. "पाच कारणं दिलीस. त्यातलं कुठलं हवंय?"

"तसं नव्हतं म्हणायचं मला."

"रजिस्टरात काय लिहिलंयस माझ्यापुढे?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं नव्हतं. मी डोळ्यांनीच नाही म्हटलं.

"टाळाटाळ," ती म्हणाली.

"कधी लिहिलंस?"

"सहा महिन्यांनी तुम्ही परत दाखवायला आलात ना, तेव्हा."

"मी तुझ्यासमोर बसलो होतो. नंबर लावून आलो होतो, सगळ्यांसारखा. तू वर न बघता लिहिलंस आणि म्हणालीस, पुढच्यांना पाठवा."

"बाहेर चाळीस माणसं होती हो."

"असतील. मी तयारी करून आलो होतो. छापखान्यातून निघाल्यापासून काय सांगायचं ते जुळवत होतो." काकांनी मिक्सरचं झाकण हातात घेतलं, उलटसुलट केलं. "मग मला वाटलं, हिला माहीत आहे."

"नव्हतं माहीत."

"ते आत्ता कळतंय मला."

"मग आता सांगा ना. मी लिहून घेत नाही. हे बघा, पेन आत ठेवलं." तिने खरंच पेन पर्समध्ये टाकलं. "साडेदहा झालेत. अकराच्या बसने गेले तरी पोचते मी. सांगा."

"सांगतो. पण आधी तू एक सांग." काका आता ओरडत नव्हते. इतके हळू बोलत होते की मीच पुढे वाकले. "मी जे सांगेन त्यात तुझ्याकडे काही आलं, म्हणजे तू कसं आणलंस, कसं लावायला लावलंस, त्या नऊ दिवसांत कशी वागलीस, असं काही, तर मग हा प्रश्न तू विचारशील दुसऱ्यांना? शंभर माणसांना? की आणखी कुठला तरी शोधशील?"

मावशीने अर्जाकडे पाहिलं. कोऱ्या चौकोनाकडे. तिचे ओठ हलले, आणि मला वाटलं आता बोलेल, हो म्हणेल किंवा काय वाट्टेल ते बोलतात म्हणेल. तिने अर्जाची घडी घातली, मग घडी पडली तर चालणार नाही हे आठवून परत उलगडला, हाताने सपाट केला आणि फायलीत घातला. उठली. खुर्ची आत सरकवली. दाराशी जाऊन चपला घातल्या, एकीत पाय नीट जाईना, भिंतीला हात टेकून वाकली.

"अगं, मी काहीतरी विचारलं," काका म्हणाले.

ती पाठमोरी होती. काका माझ्याकडे वळले. "काही म्हणाली का ती? पाठमोरं बोललेलं मला कळत नाही."

मी नकारार्थी मान हलवली. मावशीने वळून ते पाहिलं. आधी मला, मग त्यांना. मग फाइल छातीशी धरून तिने दार उघडलं आणि जिना उतरायला लागली.